एकविसावी फेक

पंचवीसपैकी नऊ. पास व्हायला दहा लागतात.

नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा आधी वाटलं, आपण ओळ चुकलो. मग नावाखाली बोट धरून परत वाचलं. फडोळ रोहिणी समाधान, फील्ड प्रोजेक्ट, नऊ. माझ्या वरच्या ओळीतल्या मुलाला एकोणीस होते. त्याने अख्खा प्रोजेक्ट हॉस्टेलच्या खोलीत गादीवर लोळत केला होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच्या प्रश्नावलीतल्या खोट्या माणसांना नावं मीच सुचवली होती.

मी मात्र खरोखर हिंडले होते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय संख्याशास्त्र, आणि माझ्या प्रोजेक्टचं नाव ‘कोथिंबीर: काढणी ते विक्री, शंभर जुड्यांमागे होणारं नुकसान’. मखमलाबादच्या पुढे आमची दोन एकर भाजी आहे, म्हणून हा विषय घेतला. मार्च महिन्यात बारा शेतकऱ्यांच्या बांधावर गेले. एका ठिकाणी कुत्रा मागे लागला, एका ठिकाणी काटेरी तारेत नवी ओढणी फाटली. आणि फाईल परत आली तेव्हा पहिल्याच पानावर पगारे सरांचा लाल शाईतला शेरा होता. ‘माहिती घरी बसून भरल्यासारखी वाटते.’ नऊ मार्कांपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं. ज्यांनी घरी बसून भरली ते मोकळे सुटले आणि मी चोर ठरले.

बरं, नुसता अपमान असता तर गिळला असता. पण पुण्याला एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा मी पास झाले होते आणि फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. सगळ्या विषयांत पास असल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, यंदा पाठवायला तयार होते. पुढच्या वर्षीचं काही खरं नव्हतं. आमच्या घरात ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे कधीच नाही. जिन्याला कठडा पुढच्या वर्षी बसणार आहे, हे मी पाचवीत असल्यापासून ऐकते आहे.

स्नेहा म्हणाली, “जा आणि रड. पगारे सरांसमोर रडलं की दोन मार्क वाढतात, सगळे म्हणतात.” स्नेहा माझी मैत्रीण आहे, पण तिचे सल्ले असेच असतात.

बुधवारी अकरा वाजता मी विभागात गेले. दाराशी यादव काका बसले होते. ते तिथले शिपाई. माझ्याकडे बघून म्हणाले, “सकाळपासून चौघी रडून गेल्या. रुमाल आणलाय ना?”

“मी भांडायला आलेय, काका.”

“मग जा. तेवढाच बदल.”

प्रफुल्ल पगारे सर उंच, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघणारे. मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मी फाईल दिली. त्यांनी बरोबर तक्त्याचं पान उघडलं.

“बारा शेतकरी,” सर म्हणाले. “बाराही जण सांगतात, शंभरामागे खराब जुड्या शून्य. सरासरी शून्य. प्रमाण विचलन शून्य, आणि ते तू पायऱ्यांसकट दोन पानं सोडवलं आहेस.”

“पायऱ्यांना मार्क असतात, सर.”

सर हसले नाहीत. “पालेभाजी आहे. पाणी मारतात, गठ्ठा बांधतात, टेम्पोत एकावर एक रचतात. आणि शंभरात एक खराब निघत नाही? मी घरी चार जुड्या नेल्या तर एक पिवळी निघते.”

“तुम्ही कॉलेज सुटल्यावर घेत असाल, सर. तोपर्यंत उरलेलीच असते.” हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

“असेल,” सर म्हणाले. “खोटी माहिती कशी ओळखायची, सांगू? ती फार गुणी असते. खाडाखोड नाही, तक्रार नाही, सगळे आकडे एका सुरात. अठरा वर्षं बघतोय. तुझी माहिती तशी आहे.”

“मग हॉस्टेलमध्ये बसून ज्यांनी खरंच खोटं लिहिलं, त्यांना एकोणीस कसे?”

“कोणी लिहिलं? नाव सांग.”

आता नाव कुठल्या तोंडाने सांगणार? मी खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले. सर पुन्हा तक्त्याकडे वळले.

“मी गेले होते, सर,” मी म्हणाले. “बाराही ठिकाणी. फोन नंबर दिलेत मागच्या पानावर. लावून बघा.”

“लावले. तिघांनी उचलले. तिघंही म्हणाले, मुलगी आली होती.” सर पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाले. “पण येऊन चहा पिऊन जाणं वेगळं आणि माहिती आणणं वेगळं. मला सांग, ही माणसं शंभर जुड्या मोजतात तरी का? का आपला अंदाजाने गठ्ठा बांधतात?”

इथे मात्र माझं डोकं फिरलं. मला काहीही म्हणा. आप्पांच्या मोजणीवर मार्केटात आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. लिलावात लोकांचे गठ्ठे सोडून बघतात, आप्पांचा तसाच उचलतात.

“अंदाजाने?” मी म्हणाले. “दाखवू का कसं मोजतात ते?”

“दाखव.”

टेबलाच्या कडेला परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्यांची चळत होती. मी ओढणी कमरेला खोचली आणि पुरवण्या जवळ ओढल्या. आमच्याकडे जुड्या पाच-पाच उचलून टाकतात. एका फेकीला पाच, वीस फेकींना शंभर. पहिल्या फेकीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी लहानपणापासून हे करते, हात आपोआप चालतो. लाभ, दोन, तीन, चार. पाच-पाच पुरवण्या सरांच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडत होत्या. सरांनी चष्म्याची डबी तेवढी वाचवली. अठरा, एकोणीस, वीस. मी हात झटकले.

“झाले शंभर.”

सर पुरवण्यांकडे बघत होते. “आणि ते शेवटचं काय होतं?”

“काय?”

“वीस म्हणालीस. त्यानंतर आणखी एकदा टाकलंस. तोंडाने काही न बोलता.”

मला खरंच कळलं नव्हतं की मी टाकलं. “ते होय,” मी म्हणाले. “ते वरचं. ते मोजायचं नसतं.”

सरांनी चळत पुढ्यात घेतली आणि एकेक करून मोजली. मोजायला त्यांना बराच वेळ लागला. मग कोऱ्या कागदावर लिहिलं, एकशे पाच.

“का मोजायचं नसतं?”

“वरचं मोजलं की बरकत जाते म्हणतात. म्हणजे मी मानत नाही. पण मोजत नाही.”

“बाराही जण असंच करतात?”

“सगळेच करतात, सर. तळाच्या जुड्या दबतात, पाण्याने सडतात. घेणाऱ्याला तोटा नको, म्हणून एक फेक मुक्याने वर टाकायची. म्हणून तर शंभर पुरे भरतात.”

“म्हणजे नुकसान आहे.”

मी कागदावरच्या एकशे पाचकडे बघितलं.

“तू विचारलंस, शंभरामागे खराब किती,” सर म्हणाले. “ते म्हणाले, काही नाही. त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. जे जातं ते त्यांनी आधीच भरून टाकलंय. पण हे फाईलमध्ये कुठे आहे?”

“सर, हे सगळ्यांना माहीत असतं.”

“मला माहीत नव्हतं. माझे वडील नांदगावला पोस्टात होते. आमच्याकडे कोथिंबीर दोन जुड्या यायची, तीही पाहुणे येणार असले तर.” त्यांनी टोपण लावलेला पेन कागदावर आपटला. “जे तुला जन्मापासून माहीत आहे तेच तू लिहिलं नाहीस. बाकी तीस पानं मात्र लिहिलीस.”

मला राग यायला हवा होता, पण सर म्हणत होते ते खरं होतं. तरी आतून हलकंही वाटलं. म्हटलं, चला, खोटी नाही हे तर पटलं.

“मग दहा देता, सर?”

“नाही.”

“एकच तर मार्क आहे!”

“तू गेली होतीस, हे पटलं. पण मार्क माहितीला आहेत. पाच वर टाकतात, म्हणून पाचच खराब होतात का? हे कोणी मोजलं? टाकणारा म्हणतो, भागतं. गठ्ठा सोडणारा काय म्हणतो? त्याला विचारलंस?”

“नाही.”

“मग विचारू नकोस, बसून मोज. शुक्रवारी पाच वाजता पोर्टलवर गुण बदलणं बंद होतं. त्याच्या आत दोन पानं आण. विभागप्रमुखांची सही मी घेईन.”

“आणि तो शेरा?”

“आधी मोजून आण.”

बाहेर आल्यावर यादव काकांनी मान वर केली. “रडली नाहीस वाटतं?”

“नाही.”

“म्हणूनच वाढले नाहीत.”

घरी पोचले तेव्हा आप्पा आणि आई बांधावरच्या चिंचेखाली जुड्या बांधत होते. संध्याकाळच्या लिलावाला माल जायचा होता. मी आप्पांना सगळं सांगितलं. नऊ मार्क, शेरा, आणि वरच्या पाच जुड्या. मार्कांचं त्यांनी शांतपणे ऐकलं. जुड्यांचं ऐकून हात थांबवला.

“सरांना सांगितलं तू? वरच्या फेकीचं?”

“त्यांनी बघितलं.”

“वरचं मोजीत नसत्यात, रोहिणी. माझ्या बापानं नाय मोजलं, म्या नाय मोजलं. दिलं ते दिलं.”

“मी वरचं नाही मोजणार. खालचं खराब मोजणार.”

“एकच झालं ते.”

“एक नाही झालं, आप्पा. माझं वर्ष जाईल.”

आप्पांनी जुडीला गाठ मारली, दोरा तोडला, दुसरी जुडी घेतली. आई मध्ये पडली. “मोजू द्या हो पोरीला. तुमची बरकत काय तिच्या वहीत जाऊन बसणार हाय का?” आप्पा काही बोलले नाहीत. आमच्याकडे एवढं पुरतं. नाही म्हणायचं असतं तेव्हा ते म्हणतात.

गुरुवारी सकाळी साडेपाचला मी पंचवटीतल्या भाजीबाजारात विमलाबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले. विमलाबाई तिथे पंचवीस-तीस वर्षं बसतात. आदल्या संध्याकाळच्या लिलावातला माल सकाळी सोडतात. आमच्या मालाचं जुनं गिऱ्हाईक. मी का आलेय ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“खराब मोजायला? कॉलेजात आता हे शिकवत्यात?”

“हो मावशी.”

“मग बस. आन् हात चालू ठेव, निवडायला मदत व्हईल.”

दोन सकाळी मिळून दहा गठ्ठे सोडले. विमलाबाईंचे सहा आणि शेजारणींचे चार. प्रत्येक गठ्ठ्यातून विकण्याजोगी जुडी एका बाजूला, पिवळी, सडकी, चेपलेली दुसऱ्या बाजूला. नियम मी आधीच ठरवला होता. बाई जी जुडी गिऱ्हाइकाला द्यायला तयार नाही ती खराब, माझं मत चालणार नाही. सात, नऊ, अकरा, आठ. वहीत एक आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. पावसाचा थेंब पडल्यावर एक पान ओलं झालं, दोन ठिकाणी खाडाखोड झाली. पगारे सरांना आवडेल अशी वही तयार होत होती.

शुक्रवारी सातवा गठ्ठा आला तो जांभळ्या फडक्यात बांधलेला. आईच्या जुन्या साडीचं फडकं. मी ते दुरूनच ओळखलं. खरं सांगते, मला वाटलं होतं की हा पाचाच्या आत येणार. आप्पांचा माल आहे, आप्पांची मोजणी आहे. मी नेहमीपेक्षा सावकाश सोडला. वरच्या साठ-सत्तर जुड्या हिरव्यागार, पाणी निथळणाऱ्या. मग तळ आला. एक, दोन, तीन. पाचव्यानंतर मी विमलाबाईंच्या तोंडाकडे बघितलं. सहावी त्यांनी बाजूला टाकली. सातवी. आठवी हातात घेऊन मी म्हणाले, “मावशी, ही चालेल ना?”

“तू घेशील का पैसे देऊन?”

मी ती बाजूला ठेवली.

“तोंड कशापायी पाडती?” विमलाबाई म्हणाल्या. “समाधानचा शंभर मी सत्त्याण्णव धरती, पहिल्यापास्नं. लोकांच्या मोजणीतच खोट, त्यांचे नव्वद निघत्यात. तुझ्या बापासारखा मानूस नाय मार्केटात.”

“त्यांना माहीत आहे, सत्त्याण्णव निघतात ते?”

“कोन सांगनार? एवढ्या मायेनं वर पाच टाकतो, त्याला काय तोंडावर सांगायचं, का कमी पडलं म्हणून?”

वहीत सातव्या ओळीत आकडा लिहायचा राहिला होता. मी पेन धरून बसले. नऊ गठ्ठेसुद्धा चालले असते, सरांनी दहाच आण असं काही सांगितलं नव्हतं. ती ओळ मी सोडली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. हॉस्टेलमधल्या त्या मुलाला मी नावं सुचवली होती, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता एक ओळ गाळवत नव्हती. शेवटी लिहिलं, समाधान गोटीराम फडोळ, आठ.

दुपारी साडेतीनला सरांसमोर दोन पानं ठेवली. वर पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की इथे शंभर जुड्या मोजून झाल्यावर पाच जुड्या न मोजता वर टाकायची रीत आहे. खाली तक्ता, सरासरी आठ पूर्णांक तीन. सरांनी पेन्सिलने बेरीज पडताळून बघितली. मग सातव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

“हे तुझे वडील?”

“हो, सर.”

“ही ओळ गाळता आली असती.”

“आली असती.”

“मग?”

“मग पुन्हा तसाच शेरा आला असता, सर. या वेळी खरा.”

 संगणकाकडे वळून सरांनी नऊ खोडले आणि अठरा केले, मग गुण बदलण्याच्या फॉर्मवर सही करून विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. जाण्याआधी फाईलचं पहिलं पान उघडून लाल शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. मी यादव काकांसमोरून जाताना रडत होते. ते म्हणाले, “आता काय उपयोग? वाढल्यावर रडतेस होय?”

शनिवारी दुपारी फॉर्म भरून झाला. चिंचेखाली गेले तर दोघांचं काम चालू होतं. मी बसले आणि जुड्या बांधायला घेतल्या. पास झाले हे घरात कालच कळलं होतं, आईने शिरा केला होता.  गठ्ठ्याचा आकडा आप्पांनी विचारला नव्हता, मी सांगितला नव्हता. वाटत होतं, न विचारताच दिवस निघून जातील आणि मी पुण्याला जाईन.

“आपला गठ्ठा सुटला का तिथं?” आप्पांनी खाली मान घालूनच विचारलं.

“सुटला.”

“किती निघाल्या खराब?”

आईने माझ्याकडे बघितलं. पाच म्हण, असं ती डोळ्यांनी सांगत होती. मलाही तेच म्हणावंसं वाटत होतं, फार वाटत होतं.

“आठ,” मी म्हणाले.

आप्पांनी हातातली जुडी बांधून पुरी केली. “आठ,” ते स्वतःशी म्हणाले. “म्हंजी तीन कमी. रोज.” मग विचारलं, “विमलाबाईला ठावं होतं?”

“पहिल्यापासून. म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस नाही मार्केटात.”

“हां,” आप्पा म्हणाले.

आईला राहवेना. “घ्या,” ती म्हणाली. “हिचे नऊ मार्क वाढले आन् आपल्या शंभराला तीन जुड्या गेल्या. शिकवा अजून पोरीला.” म्हणाली रागाने, पण माझ्या पाठीवरची कोथिंबिरीची काडी तिने हळूच काढली.

आप्पा उठले. जांभळं फडकं जमिनीवर पसरलं आणि मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. आवाज रोजच्यासारखाच होता. एकोणीस, वीस. मग त्यांनी पाच जुड्या उचलल्या आणि तशाच धरून जरा वेळ उभे राहिले.

“एकवीस,” आप्पा मोठ्याने म्हणाले आणि टाकल्या. मग पुन्हा वाकले, ढिगातल्या आणखी तीन जुड्या बघून बघून निवडल्या, आणि त्या मुक्याने वर ठेवल्या.